खणातली पिन

ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी टूलरूममधले काका फिक्श्चरमधून, म्हणजे मशिनवर नग पक्का धरून ठेवणाऱ्या सांगाड्यातून, एक छोटी पिन काढून खणात टाकायचे. ऑडिट आटोपलं, पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली, की पिन परत आपल्या जागी. जवळजवळ वर्षभर हा कार्यक्रम चालला. मी तेव्हा एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या उपकंपनीत प्रोसेस इंजिनिअर होते, म्हणजे खरं तर ही पिन पकडून देणं हेच माझं काम. मी ती पकडून दिली नाही. उलट एकदा काका रजेवर होते तेव्हा मीच ती काढून खणात टाकली.

पिनेची गोष्ट साधी आहे. आमच्याकडे व्हॉल्व्हच्या बॉडीचं कास्टिंग यायचं, तळहातावर मावेल एवढं. त्याला दोन बाजूंना दोन कान, आणि एक कान दुसऱ्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटरने मोठा. नव्या माणसाला हा फरक दिसत नाही. जुन्याला तो बघावाही लागत नाही, हाताला कळतो. पण रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमाराला जुन्या माणसाचे हातही नवे होतात. मग नग उलटा बसायचा, क्लँप बिनतक्रार लागायचा, ड्रिल खाली यायचं आणि भोक भलतीकडेच पडायचं. नग भंगारात. काकांनी काय केलं, तर मोडीत निघालेल्या एका जिगची ८ मिलिमीटरची डॉवेल पिन घेतली, एका अंगाने कानशीने घासून चपटी केली आणि फिक्श्चरच्या बेसप्लेटवर अशा जागी बसवली, की मोठा कान तिकडे आला तर नग खाली टेकूच नये. अर्ध्या तासाचं काम. उलटे नग बंद झाले.

पंचाईत अशी, की फिक्श्चरचं ड्रॉइंग मुख्यालयाचं. चार देशांतल्या चार कारखान्यांत तेच फिक्श्चर. ड्रॉइंगमध्ये पिन नाही, म्हणजे फिक्श्चरवर पिन असता कामा नये. मी रीतसर चेंज रिक्वेस्ट टाकली. पाच आठवड्यांनी पहिलं उत्तर आलं: जोखमीचं विश्लेषण जोडा. जोडलं. मग विचारणा: पिन झिजली तर? तुटून नगाबरोबर पुढे गेली तर? त्याचंही उत्तर दिलं. मग: बाकीच्या कारखान्यांचं म्हणणं घेतलंत का? त्यातल्या एका कारखान्याने कळवलं, की आमच्याकडे नग उलटा बसण्याची अडचणच नाही. (पुढे एका ट्रेनिंगमध्ये तिथला सुपरवायझर भेटला. त्यांच्याकडेही पिन होती. आमच्यापेक्षा जाड.)

अकराव्या महिन्यात मंजुरी आली. सुधारित ड्रॉइंगमध्ये पिन ६ मिलिमीटरची होती आणि जागा वेगळी. काकांनी ड्रॉइंग उजेडात धरून पाहिलं, म्हणाले, "मॅडम, ही वाकणार." ती वाकली. पण ती गोष्ट वेगळी.

मुख्यालयाला हसणं सोपं आहे आणि कॅन्टीनमध्ये आम्ही ते रोज करायचो. पण पिन तुटून पुढे गेली तर काय, हा प्रश्न काही मूर्खपणाचा नव्हता. तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला तर उलट्या नगापेक्षा कितीतरी महागात पडला असता, आणि खरं सांगायचं तर तो विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. चार कारखान्यांत चार तऱ्हेची फिक्श्चर झाली की एका ठिकाणची तक्रार दुसऱ्या ठिकाणी तपासता येत नाही, हेही खरं. मला खुपायची ती चौकशी नाही. खुपायचं हे, की त्या अकरा महिन्यांत पिन काढलेल्या दिवशी उलटे पडलेले नग आमच्या खात्यात चढत होते आणि उशिराचा खर्च कुणाच्याच खात्यात दिसत नव्हता. पिन ठेवली तर नियमभंग, काढली तर रिजेक्शन. दोन्हींतून वाट काढायची तर खण हवाच.

जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांची १९६१ सालची एक हकिगत मला पिनेची थोरली बहीण वाटते. यामादा इलेक्ट्रिक नावाचा एक पुरवठादार कारखाना बटणांचे स्विच जोडायचा. दोन बटणं, त्यांच्याखाली दोन स्प्रिंगा. कधीकधी कामगार एखादी स्प्रिंग घालायला विसरायचा, आणि ते कळायचं थेट ग्राहकाच्या कारखान्यात. मग तिथे माणूस पाठवायचा, सगळे स्विच तपासायचे, कामगारांना चार शब्द सुनवायचे, की थोडे दिवस बरे जायचे. शिंगोंनी सुचवलं, की जोडणीला बसण्याआधी दोन स्प्रिंगा काढून एका छोट्या बशीत ठेवा. जोडणी झाली आणि बशीत स्प्रिंग उरली, तर विसरलात. बस. एक बशी. या तऱ्हेच्या युक्त्यांना आधी 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खांपासून बचाव. १९६३ साली एका कारखान्यात हा शब्द ऐकून एका कामगार बाईला रडू फुटलं, की मी काय इतकी मूर्ख आहे? तेव्हा शिंगोंनी शब्द बदलून 'पोका-योके' केला: नकळत होणाऱ्या चुकीपासून बचाव. मला बशीइतकाच हा शब्दबदल मोलाचा वाटतो. चूक माणसाची आहे म्हटलं, की माणूस ती झाकतो. चूक जागेची आहे म्हटलं, की तो बोट दाखवून जागा दाखवतो.

उपकंपन्यांवर अभ्यास करणाऱ्या ज्युलियन बर्किन्शॉ यांनी मोठ्या कंपन्यांच्या या स्वभावाला शरीराच्या प्रतिकारशक्तीची उपमा दिली आहे. बाहेरून आलेल्या रोगजंतूवर शरीर तुटून पडतं, तसं मुख्यालय शाखेतून आलेल्या कल्पनेवर. उपमा मला पटते, विशेषतः यासाठी की तिच्यात कोणी खलनायक नाही. पांढऱ्या पेशींचं कुणाशी वैर नसतं.

मोठ्या प्रमाणावरही खेळ हाच असतो. रँक झेरॉक्स आणि फुजी फोटो फिल्म यांनी १९६२ साली निम्म्या-निम्म्या भागीदारीत फुजी झेरॉक्स काढली. रँक झेरॉक्स ही स्वतःच अमेरिकेतल्या झेरॉक्सची भागीदारी, म्हणजे फुजी झेरॉक्स ही झेरॉक्सची नात. नातीने आजीची यंत्रं जपानात खपवावीत, एवढीच अपेक्षा. पण ती यंत्रं अवाढव्य, आणि तिथल्या ऑफिसांत जागा बेताची. लहान यंत्राची गोष्ट काढली की वरून थंड प्रतिसाद. तिथल्या इंजिनिअरांनी तरीही नमुने बांधले, आणि चालतं यंत्र समोर ठेवल्यावर मग चर्चेचा सूर बदलला. १९७३ मध्ये त्यांचं २२०० मॉडेल बाजारात आलं, तेव्हाचं जगातलं सर्वांत लहान कॉपियर. १९८० साली फुजी झेरॉक्सला गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं. त्याच सुमाराला जपानी स्पर्धकांच्या लहान, स्वस्त यंत्रांनी अमेरिकेत झेरॉक्सचा बाजार खाल्ला होता, आणि आजीला नातीकडे शिकायला जावं लागलं.

याचा अर्थ शाखांना मोकळं सोडा, असा काढायला मी तयार नाही. फिलिप्सकडे बघा. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेलं, आइंडहोवनचं मुख्यालय तुटलं आणि देशोदेशीच्या शाखा आपापल्या बळावर जगल्या. ती सवय युद्धानंतरही टिकली. फिलिप्सचा पहिला रंगीत टीव्ही कॅनडाच्या शाखेने काढला, पहिला स्टिरिओ टीव्ही ऑस्ट्रेलियाच्या, टेलिटेक्स्टचा टीव्ही ब्रिटनच्या. ऐकायला छान. आणि मग फिलिप्सने व्ही२००० ही स्वतःची व्हिडिओ कॅसेटची पद्धत काढली, तेव्हा अमेरिकेतल्या फिलिप्सनेच ती घ्यायला नकार दिला आणि जपानी बनावटीचे व्हीएचएस रेकॉर्डर आपल्या नावाने विकले. ज्या मोकळेपणाने स्टिरिओ दिला त्यानेच घरच्या मालाला घरचं दार बंद केलं.

उपकंपनीतल्या अकराव्या वर्षी मी राजीनामा दिला आणि आम्हालाच सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कारखान्यात गेले. बेचाळीस माणसं, नऊ मशिनं, एक मालक. लोकांनी वेड्यात काढलं. मला मात्र वाटत होतं, की आता पिन खणात टाकावी लागणार नाही.

पहिल्याच आठवड्यात एका लेथच्या चकमध्ये, म्हणजे आपल्या जबड्यांनी (जॉ) नग पकडणाऱ्या भागात, नग डगमगत होता. ऑपरेटरने मालकांना हाक मारली. मालक आले, वाकून पाहिलं, बोटाने नग हलवला, म्हणाले, "जॉ मऊ घालून बघ. आपल्याच मापात बोअर करून घे." दुपारच्या चहाआधी ते झालं होतं. जोखमीचं विश्लेषण मालकांच्या डोक्यात, मंजुरी मालकांच्या मानेत. मान हलली की झालं. मी घरी जाऊन अक्षरशः आनंदाने सांगितलं, की अकरा महिन्यांचं काम इथे तीन तासांत होतं.

हा आनंद दोन-तीन महिने टिकला. मग तो ऑपरेटर नोकरी सोडून गेला. सहा आठवड्यांनी त्याच भागाची ऑर्डर परत आली, नव्या मुलाने चक लावला आणि नग डगमगायला लागला. मऊ जॉ होते, रॅकवर पडलेले, पण कुठल्या भागाचे, कुठल्या मापाचे, कोणत्या दाबावर पकडायचे, कुणालाच आठवेना. मालकांना आठवलं असतं, पण मालक बँकेत होते. मालक नेहमी कुठे ना कुठे असत: बँकेत, ग्राहकाकडे, वीज कंपनीत, कुणाच्या तरी पेमेंटच्या मागे. कारखान्याचा संशोधन विभाग त्यांच्या डोक्यात होता आणि ते डोकं दिवसातून जेमतेम दोन तास मशिनजवळ असायचं.

सरकारी आकडेवारीत असल्या कारखान्याचं संशोधन शून्य धरलं जातं. १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती गावी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या तज्ज्ञांनी संशोधन-विकास म्हणजे काय आणि तो कसा मोजायचा, याचे नियम बसवले. त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. संशोधन पद्धतशीर हवं, ते नोंदवता यायला हवं. बरोबरच आहे, नाहीतर कोणीही काहीही संशोधन म्हणून खपवेल. पण लेथसमोर वाकून उभ्या असलेल्या माणसाचा त्या रकान्यात कुठे ठाव लागणार? त्याचं वेगळं बजेट नाही, वेगळी खोली नाही, त्या अर्ध्या तासाचं वेगळं बिलही नाही. तो अर्धा तास उत्पादनातून चोरलेला असतो.

मी वह्या घातल्या. प्रत्येक भागाची एक वही, मशिनला दोरीने बांधलेली. पहिल्या महिन्यात वह्यांत तारखा आणि तेलाचे डाग. मग एका फिटरने एका पानावर जॉचं चित्र काढलं, बाण दाखवून 'इथे शिम' असं लिहिलं. ती शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, का, हे त्याने लिहिलं नव्हतं, पण निदान होती हे कळलं. एरिक व्हॉन हिपेल यांनी १९९४ साली मांडलं, की काही माहिती चिकट असते, जिथे जन्मते तिथून उचलून दुसरीकडे न्यायला फार खर्च येतो. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं कोण जाणे. माझ्या डोळ्यांसमोर ते तेलकट पान येतं, शब्दशः चिकट.

पण वह्यांची गोष्ट मला सांगायची नव्हती. सांगायचं आहे ते दुसऱ्या वर्षाचं.

एका प्रेसवर डाय, म्हणजे आकार देणारा साचा, बदलायला आमचे दोन तास जायचे. शिंगोंनीच टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसची डाय बदलायची वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणली, हे मला पाठ होतं. तीन मिनिटं आमच्या स्वप्नातही नव्हती. आम्ही एवढंच केलं: मशिन चालू असतानाच पुढची डाय ट्रॉलीवर आणून ठेवायची, सगळ्या डायना सारख्या उंचीच्या पट्ट्या लावायच्या आणि बोल्टला एकच मापाचा पाना. दोन तासांचे पस्तीस मिनिटं झाले. खर्च म्हणाल तर पट्ट्यांचं लोखंड आणि दोन रविवार. मी फुशारकीने तक्ता करून भिंतीवर लावला.

चार दिवसांनी आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून खरेदी विभागाची मंडळी आली. पाऊण धंदा त्यांचा, त्यामुळे त्यांना पाहुणे म्हणायची पद्धत होती. त्यांच्यातल्या एकाने तक्त्याचा फोटो काढला. पुढच्या वर्षीच्या दराच्या पत्रात सेटिंगचा, म्हणजे डाय बदलायचा, वेळ पस्तीस मिनिटं धरलेला होता आणि दर त्या हिशेबाने खाली. आमचे दोन रविवार त्यांच्या बचतीच्या रकान्यात गेले. मालकांनी पत्र वाचून घडी घातली आणि मला एवढंच म्हणाले, "मॅडम, तो तक्ता काढा. आणि ते येतील त्या दिवशी सेटिंग जुन्या पद्धतीनेच करायचं."

मी तक्ता काढला. तेव्हा मला काकांचा खण आठवला आणि पहिल्यांदा दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहता आल्या. तिकडे दाखवलं तर नियमभंग, इकडे दाखवलं तर दर कमी. तिकडे माणसं मुख्यालयापासून लपवत होती, इकडे ग्राहकापासून. अक्कल दोन्हीकडे भरपूर होती. व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत कल्पना कशा सुचाव्यात यावर खूप बोलतात. सुचण्याची अडचण मी कुठेच पाहिली नाही. सुचलेलं उघड्यावर ठेवायला काय पडतं, हे मात्र दोन्हीकडे पाहिलं.

पुरवठादाराने उघड्यावर ठेवावं म्हणून एका मोठ्या कंपनीने खरंच काही केलं होतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या क्रायस्लरने पुरवठादारांना सांगितलं, की खर्च कमी होईल असं काही सुचवा, आमच्या बाजूचं असलं तरी सुचवा. वाचेल त्यातलं निम्मं तुमचं. आणि आपला वाटा कमी घेतलात तर तेवढं तुमच्या गुणांमध्ये जमा. हजारो सूचना आल्या. वर्षानुवर्षं भावावरून हातघाईवर येणारी माणसं आपले खण उघडून दाखवायला लागली. मग १९९८ मध्ये क्रायस्लर जर्मनीच्या डाइमलरशी जोडली गेली, तोटा व्हायला लागला, आणि सगळ्या पुरवठादारांना फर्मान निघालं, की २००१ उजाडताच दर सरसकट ५ टक्के कमी करा. दहा वर्षांत कमावलेला विश्वास एका पत्रात गेला. ते पत्र मी पाहिलेलं नाही, पण घडी घातल्यावर ते कसं दिसत असेल याची कल्पना आहे.

कारखान्याच्या आतलं असंच एक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं. जनरल मोटर्सने तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला. लाइन काहीही झालं तरी थांबवायची नाही, असा तिथला जुना दंडक. बिघडलेली गाडी पुढे ढकलायची, नंतर कोणीतरी बघेल. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो नुम्मी या नावाने पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, बरीचशी माणसं तीच. बदलली ती डोक्यावरची दोरी: अडचण दिसली की कोणीही ती ओढायची आणि टीम लीडरने धावत यायचं, ओरडायला नाही, मदतीला. दोन वर्षांत तिथल्या गाड्या गुणवत्तेत टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याशी बरोबरी करायला लागल्या. जनरल मोटर्सला तेच आपल्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला मात्र कितीतरी वर्षं लागली. दोरी विकत मिळते. ती ओढल्यावर धावत येणारा माणूस कुठून आणणार?

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कंपनीतून एक तरुण इंजिनिअर आमच्याकडे आला. खर्चाचा आढावा घ्यायला. पंधरा वर्षांपूर्वी मी अशीच वही घेऊन पुरवठादारांकडे जायचे आणि परत येऊन किती वाचवलं ते मोठ्याने सांगायचे. तो यायच्या आधी मी शॉपवर एक चक्कर मारली. ट्रॉली मागच्या शेडमध्ये. सारख्या उंचीच्या पट्ट्या काढलेल्या. दुसऱ्या मशिनवरच्या फिक्श्चरला आम्ही एक पिन बसवली होती, तीही मी काढली आणि खणात टाकली.

मुलगा हुशार होता. खर्चाचे कागद पाहायच्या आधी तो मशिनपाशी गेला, नग हातात घेऊन फिरवून पाहिला, मग फिक्श्चरच्या बेसप्लेटवरून बोट फिरवलं. बोट भोकापाशी थांबलं. भोकाच्या कडा चकचकीत होत्या, रोज काहीतरी बसत असल्यासारख्या.

"मॅडम, इथे काहीतरी असतं ना?"

मी त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "सांगितलं तर लिहून घेणार?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने वही मिटून काखेत धरली आणि पेनाला टोपण लावलं. मी खण उघडला.